खळ्यावरचा दम

नव्याण्णव सालच्या जूनमध्ये पोलादपूरच्या ज्युनियर कॉलेजातून बारावी होऊन दोन पोरं महाडच्या मोठ्या कॉलेजात आली, ती काही मार्कांच्या जोरावर नव्हे. मार्क असे की निकालाचा कागद घडी घालून खिशात घालावा आणि विषय बदलावा. ती आली कबड्डीच्या जोरावर. एक सखा, दुसरा महिपती. दोघेही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या गवळवाडीतले. वीस-बावीस घरं, घरांना लागून गोठे, आणि मधोमध एक खळं. नाचणी मळून झाली की ते खळं पोरांचं.

बिरवाडकर सर म्हणून कॉलेजचे खेळाचे सर होते. बुटका माणूस, आवाज मात्र गांधारी नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. त्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना उभं करून सांगून टाकलं. विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांना बारा जणांचा संघ जातो. अकरा नावं त्यांच्या डोक्यात पक्की होती. बारावं नाव या दोघांतल्या एकाचं. दिवाळीच्या आधी निवड. ज्याचं नाव लागेल त्याला वसतिगृहातली खोली तीन वर्षं, ज्याचं लागणार नाही त्याने वळकटी उचलायची.

आता वसतिगृह नाही म्हणजे काय, ते महाडातल्या पोरांना कळायचं नाही. गवळवाडीतून खाली सडकेला यायला दोन तास, मग एस.टी.ने पोलादपूर, मग दुसऱ्या एस.टी.ने महाड. येऊन-जाऊन कॉलेज करणं अशक्यच. जागा गेली की खोली गेली, खोली गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की पुन्हा म्हशींच्या मागे. महिपतीला म्हशींचा वीट आला होता. त्याला ती बारावी जागा हवी होती. उपाशी माणसाला भाकरी हवी असते तितकी हवी होती.

पोलादपुरात ही दोघं म्हणजे वाघ. तालुक्याचा चषक दोनदा आणलेला. इथे आल्यावर आठच दिवसांत त्यांना कळलं, की आपण वाघ होतो कारण तिथे बाकी सगळ्या शेळ्या होत्या. इथली पोरं तीन-तीन वर्षं एकत्र खेळलेली, अंगाने दणकट, पहिल्या मिनिटापासून डोकं चालवणारी. पोलादपुरात चढाईला जायचं, गडी मारायचा आणि परत यायचं, एवढंच होतं. इथे बोनसच्या रेषेवर पाय टाकून गुण चोरायचे, समोरच्याला हुलकावणी देऊन दमवायचं, घड्याळ बघून खेळायचं. पहिल्या महिन्यात महिपतीने ज्याची ज्याची तंगडी धरली, तो त्याला ओढत मध्यरेषेपलीकडे घेऊन गेला. एकदा तर दात हलला.

त्यात कर्णधार सुधीर. महाड शहरातला, शेवटच्या वर्षाचा, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मारायचा तोही गोड बोलून. त्याने दोघांचं बारसं केलं. सखाचं नाव दही, महिपतीचं ताक. ‘ताक, मैदानावर पाणी मार. दही, माती चाळून आण, खडा राहिला तर चावून खायला लावीन.’ संध्याकाळी पकडीचा सराव म्हणून नव्या पोराला मध्ये घ्यायचे, पाच जण अंगावर बसायचे, तोंड मातीत दाबायचे आणि सुधीर वीसपर्यंत आकडे मोजायचा. पंधराच्या पुढे त्याची जीभ फार सावकाश चालायची. बिरवाडकर सर बघायचे आणि दुसरीकडे तोंड करायचे. त्यांच्या मते यानेच गडी तयार होतो.

सखा तयार झालाही. पोरगा काटकुळा, पण छाती भात्यासारखी. डोंगर चढता-उतरता कमावलेला दम. पहिला महिना त्याने मार खाल्ला, दुसऱ्या महिन्यात तो निसटायला शिकला, तिसऱ्या महिन्यात सुधीरलाच दोनदा बाद करून परत आला. महिपती कोपरा धरायचा. घोटा एकदा हातात आला तर सोडायचा नाही, पण येईल तेव्हा ना! पायांना वेग नव्हता. रोज सरावानंतर तो मनातल्या मनात हिशेब करायचा, आणि रोज उत्तर एकच यायचं, सखा. एका घोंगडीत झोपलेलं पोर, पण त्या तीन महिन्यांत महिपतीला त्याचा खोकलासुद्धा सहन होईना. सखाचा पाय मुरगळावा म्हणून त्याचा मनातल्या मनात नवससुद्धा बोलून झाला. पाय काही मुरगळला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गवळवाडीच्या खळ्यात कबड्डी नव्हती, हुतूतू होतं. पंच म्हणजे रावजीबाबा, हातात म्हशी वळायची काठी. चढाईला जाणारा तोंडाने ‘हुतूतूतू’ करत जायचा. अहो, त्यात दम पुरतो. ‘कबड्डी’ म्हणताना ब आला की ओठ मिटतात, वारा अडतो, पुन्हा जोर लावावा लागतो. हुतूतूला ओठ मिटायचं कामच नाही, श्वास एका धारेने वाहतो. पोलादपूरच्या सरांनी दोघांना कबड्डी म्हणायला शिकवलं आणि दोघे म्हणायलाही लागले. पण सखा अगदी शेवटाला आला, तिघे-चौघे कमरेला लोंबकळले, छातीत एक चिमूटभर वारा उरला, की त्याच्या तोंडून कबड्डी जायचं आणि खळ्यातलं हुतूतू यायचं. त्याला स्वतःला पत्ता नसायचा. तालुक्याचे पंच बिचारे त्याच खळ्यांवर वाढलेले, त्यांच्या कानाला ते खटकायचंच नाही. महाडात अजून ते कोणी ऐकलं नव्हतं, कारण सखा इतक्या शेवटापर्यंत कधी अडकलाच नव्हता. विद्यापीठाच्या नियमात मात्र दुसरा शब्द निघाला की दम तुटला, गडी बाद.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी सुधीरने महिपतीला एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने त्याला ताक न म्हणता महिपती म्हटलं. कांदाभजी मागवली. मग सहज म्हणून बोलला, की सर सखाच्या बाजूने झुकलेत, पण सुधीरला स्वतःला आणखी एक चढाईवाला नको आहे, कोपरा सांभाळणारा हवा. सखा संघात शिरला तर पुढच्या वर्षी कर्णधार तोच होणार, आणि सुधीरचा धाकटा भाऊ येणार होता पुढच्या वर्षी. हे शेवटचं अर्थात तो बोलला नाही, ते मी सांगतो.

“तू त्याच्याबरोबर लहानाचा मोठा झालास. त्याची खोड काय?” सुधीरने विचारलं.

महिपतीने एक भजं खाल्लं, पाणी प्यायला, रस्त्यावरून जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीच्या बसकडे पाहिलं. लाज वाटली नाही असं नाही. वाटली. पण बारावी जागा अशी समोर ताटात वाढून ठेवल्यावर लाज किती वेळ टिकणार?

“त्याला लवकर पाडू नका,” तो म्हणाला. “उभाच धरून ठेवा. दम संपत आला, की हुतूतू म्हनतो.”

सुधीर हसला. दुसरी प्लेट मागवली. महिपतीने तीही खाल्ली आणि खोलीवर जाताना स्वतःला समजावलं, की मी काय खोटं सांगितलंय? हाय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती चाळीस-पन्नास पोरं जमली होती. सखाने दोन चढाया सुरेख केल्या. तिसऱ्या चढाईला सुधीरने त्याला आत येऊ दिलं, पार शेवटच्या रेषेपर्यंत. मग एकाने कंबर धरली, दुसऱ्याने मांडी, आणि कोणी त्याला खाली पाडेना. नुसतं उभं धरून ठेवलं. सखा तिघांना ओढत मध्यरेषेकडे निघाला. घशाच्या शिरा तट्ट फुगल्या. कबड्डी, कबड्डी, कबड्‌, आणि मग तो शब्द आला. हुतूतूतूतू.

शिट्टी वाजली. सगळ्यांनी हात सोडले. बिरवाडकर सर रेषा ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“काय म्हणालास?”

सखाला काही कळेना. आपण कबड्डी म्हणालो, असं तो म्हणाला. सरांनी सुधीरकडे बघितलं. सुधीरने स्वच्छ आवाजात सांगितलं, काय ऐकलं ते.

“पुन्हा म्हण,” सर म्हणाले. “सगळ्यांना ऐकू दे.”

म्हणायला लावलंच. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा पोरं पोट धरून लोळत होती, एकाने तर म्हशीसारखा हंबरडा फोडला. महिपती कडेला उभा होता, आणि सगळे हसतायत म्हटल्यावर तोही हसला. तेवढ्यात सुधीर मुद्दाम मैदान ओलांडून आला आणि सखाच्या देखत महिपतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शाबास.” बस, तेवढंच. सखाने महिपतीकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. सरांनी बारावं नाव लिहिलं ते महिपतीचं.

संध्याकाळी सखा खोलीत घोंगडी वळत होता. महिपती दारात उभा राहिला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या, एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. सखाने सुतळी आवळली, गाठ मारली आणि म्हणाला, “तू कोपराच धर, महिपत. चढाईला जाऊ नको.”

महिपतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाता जाता शाप देतोय! आपली जागा गेली म्हणून दुसऱ्याने वर येऊ नये, असली नजर! मनातली उरलीसुरली लाज त्या एका वाक्याने धुऊन निघाली, आणि तो रात्री ढाराढूर झोपला.

पुढचा महिनाभर काय थाट महाराजांचा! ताक हे नाव गेलं. मेसमध्ये सुधीरच्या टेबलावर जागा मिळाली. पण तिथे बसायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं, फुकट कोण बसवून घेतो? मग महिपती सखाची नक्कल करू लागला. मान ताठ करायची, डोळे वटारायचे, दोघा जणांना कमरेला धरायला लावायचं आणि छातीतला सगळा वारा संपेपर्यंत ‘हुतूतूतू’ करत मेसभर फिरायचं. पोरं ताटं वाजवायची. रोज जेवणानंतर कोणीतरी हाक मारायचंच, महिपती, होऊन जाऊ दे. आणि तो उठायचा. रोज. महिनाभर. कोणी दुसऱ्याने मन लावून सराव करावा, तसा याने त्या शब्दाचा सराव केला.

सखा तोवर औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात पिंपं लोटायला लागला होता. तिथेच चार पोरांत राहायचा, सुट्टीला वर वाडीत जायचा. एकदा पाळी सुटल्यावर तो बसमधून उतरताना महिपतीला दिसला. डोळे लाल, कपड्यांना उग्र दर्प. महिपती पानाच्या टपरीमागे गेला आणि बस निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

डिसेंबरात विभागीय सामने महाडातच भरले. आपलं मैदान, आपली माणसं, गर्दी ही मोठी. पहिले दोन सामने सहज गेले. महिपतीने कोपरा धरला, चार घोटे पकडले, सरांनी पाठ थोपटली. रविवारी सकाळी अंतिम सामना होता, अलिबागकडच्या संघाशी. संघ मैदानात उतरला तेव्हा महिपतीला दोरीपलीकडे आई दिसली.

साळूबाई आयुष्यात तीनदा महाडात आली होती, तिन्ही वेळा दवाखान्यात. आज नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, पुढच्या रांगेत जमिनीवर बसली होती. आणि तिच्या शेजारी सखा. त्यानेच तिला आणलं होतं. वर जाऊन, दोन तास डोंगर उतरवून, एस.टी.त बसवून आणलं होतं. लेकाने आणि सखाने काय केलं, काय नाही, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की सखाला खेळापेक्षा कारखाना बरा वाटला आणि आपला पोरगा मोठ्या कॉलेजात खेळतोय. महिपतीने तिकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

सामना शेवटपर्यंत ताणला. दुसऱ्या डावात सुधीरचा खांदा निखळला, त्याला कडेला बसवलं. दुसरा चढाईवाला बाद झाला, मग तिसराही. घड्याळात एक मिनिटही उरलं नव्हतं, महाडचा संघ एका गुणाने मागे, चढाई महाडची, आणि आत उरले होते तिघे, तिघेही पकडीवाले. आता सखा असता तर? हा प्रश्न बिरवाडकर सरांच्या तोंडावर स्पष्ट दिसला. पण सखा दोरीपलीकडे साळूबाईला पाणी देत होता. सरांनी हात केला महिपतीला.

तू चढाईला जाऊ नको. शब्द कानात आलेच. जळत होता साला, महिपती मनात म्हणाला, आणि रेषा ओलांडून गेला.

आणि गेला ते चांगला गेला, हे कबूल करायला हवं. डावा कोपरा पुढे आला, त्याला याने हाताने टिपलं. मधला धावला, त्याला लाथ लागली. दोन गुण! परत फिरला तर मागून दोघांनी कंबर धरली. महिपती खाली गुडघ्यावर आला, पण थांबला नाही. वजन होतं अंगात, त्याने दोघांना फरफटत नेलं. मध्यरेषा चार हात, तीन हात. छाती फुटायला आली. कानात नुसता घूं घूं आवाज. एक हात. त्याने स्वतःला झोकून दिलं आणि बोटं रेषेला टेकली.

शिट्टी वाजलीच होती, पण ती त्याला जिंकल्याची वाटली. उठला, दोन्ही हात वर केले. तिकडे साळूबाई उभी राहिली. मग त्याला दिसलं, की आपल्या संघातलं कोणीच धावत येत नाहीये, आणि पंचाचा हात समोरच्या संघाकडे आहे.

“दम तुटला. गडी बाद,” पंच म्हणाला.

बिरवाडकर सर धावत आले, आरडाओरडा केला, कसला दम तुटला, म्हणाले, शेवटपर्यंत आवाज येत होता. पंच बाहेरगावचा, नियमाचा पक्का माणूस. त्याने शांतपणे सांगितलं, आवाज येत होता, पण शब्द दुसरा होता. शेवटच्या चार हातांत खेळाडू हुतूतू म्हणत होता.

महिपतीला वाटलं पंच खोटं बोलतोय, कोणीतरी याला सांगून ठेवलंय. तो कबड्डीच म्हणाला होता, त्याला आठवत होतं. मग त्याला आठवलं, की सखालाही असंच आठवत होतं.

आधी वसतिगृहातलं कोणीतरी खुदकन हसलं. मेसमधली ताटं वाजवणारी पोरं ती, त्यांना काय हरल्याचं सुतक? एकाने ओरडून म्हटलं, हुतूतू! दुसऱ्याने साथ दिली. मग ती लाट सगळ्या मैदानाभोवती फिरली. अलिबागची पोरं नाचत ओरडायला लागली, महाडची पोरं चिडून ओरडायला लागली, हुतूतू, हुतूतू, टाळ्यांवर, तालावर. मैदानाच्या मधोमध महिपती एकटा, अंगभर माती, हात कुठे ठेवावे कळत नाही.

आणि दोरीपलीकडे साळूबाई टाळ्या वाजवत होती. तिला गुण कळत नव्हते की नियम. तिला एवढंच दिसलं, की तिचा पोरगा दोघांना ओढत रेषेपर्यंत आला आणि सगळं महाड त्याच्याकडे बोट दाखवून तिच्या वाडीतल्या खेळाचं नाव घेतंय. पदर खोचून, घसा ताणून तीही ओरडायला लागली. “हुतूतू! हुतूतू रे माझ्या वाघा!” आसपासची पोरं तिच्याकडे बघून आणखीच चेकाळली. सखा शेजारी उभा होता. त्याने तिला अडवलं नाही.

सुधीर निखळलेला खांदा धरून महिपतीजवळ आला. पुस्तकातलं स्वच्छ बोलणं कुठच्या कुठे पळालं होतं.

“भडव्या, तूही तसलाच निघालास? तुला विचारायच्या आधी, तू कसा आहेस बघायला, मी सखाला विचारलं होतं. त्याच हॉटेलात. महिपतीची खोड काय? तर म्हणाला, महिपतीला खोड नाही.” तो पायाशी थुंकला. “खोटारडा साला.”

बिरवाडकर सरांनी फार काही बोलून वेळ घालवला नाही. यादीतलं बारावं नाव खोडलं आणि खोली कधी रिकामी करतोस, एवढंच विचारलं. मग तेच म्हणाले की आत्ताच कर, आई आली आहे तर सामान न्यायला बरं पडेल. वळकटी, पत्र्याची पेटी, दोन पुस्तकं. दहा मिनिटांचं काम. मेसवरून जाताना आतून कोणीतरी ताट वाजवलं.

एस.टी.त साळूबाई खिडकीशी बसली आणि पोलादपूर यायच्या आत तिला डुलकी लागली. मागच्या बाकावर हे दोघे. बरीच वळणं गेल्यावर महिपतीने विचारलं, “तुला ठाव होता?”

“खळ्यात लहानपनापासून ऐकतोय,” सखा म्हणाला. “तू चढाईला कमी जायचास, म्हनून दुसऱ्या कुनाला कळला नाय.”

“मंग मला सांगितलास का नाय?”

“सांगितला असता तर तू दम घेताना सोताचाच आवाज ऐकत बसला असतास. तसला गडी मरतो.” सखाने खिडकीबाहेर बघितलं. “कोपरा धर म्हनून सांगितला होता ना?”

महिपतीला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण सखा पुन्हा बोलला.

“नंतर मेसमधला कानावर आला. नक्कल करतोस म्हनून. तवा म्हनलं, कवातरी निघंल याच्या तोंडातून. निघू दे. काकीला घेऊन जाऊ.”

आवाजात राग नव्हता. दुधात पाणी किती आहे ते सांगावं, तसं सांगितलं त्याने. महिपती पेटीवर हात ठेवून बसून राहिला, आणि त्याला पहिल्यांदा सखाची भीती वाटली.

डोंगर चढून वाडीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. वाटेत साळूबाईला जाग आल्यापासून ती एकच विचारत होती, जिकलास ना रे? सामान का आणलास? महिपतीने पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“जिकला गो काकी,” सखा म्हणाला. “मोठी सुट्टी दिली त्याला.”

एवढ्याने साळूबाईचं पोट भरलं. खळ्यापाशी रावजीबाबा काठी टेकून बसले होते, चार-सहा माणसं नाचणी पाखडत होती, पोरं खेळत होती. साळूबाईने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं. माझ्या महिपतीने दोघांना कसं ओढत आणलं, आणि मग सगळं महाड, शिकलेली पोरं, मास्तर, सगळे कसे आपलं हुतूतू म्हणायला लागले. कबड्डी-बिबड्डी कोण म्हणत नव्हता. आपलंच म्हणत होते.

रावजीबाबांना ऐकू कमी यायचं. तिने ते दोनदा ओरडून सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्या खळ्यात काठी घेऊन बसल्याचं चीज झालं, असं त्याला वाटलं. त्याने महिपतीला जवळ बोलावलं, हाताला धरून खळ्याच्या मधल्या रेघेवर उभं केलं. महिपतीने सखाकडे बघितलं. सखा गोठ्याच्या कुडाला टेकून उभा होता. एका शब्दात हे थांबवणं त्याच्या हातात होतं, पण तो कुडावरून हललाही नाही.

“पुन्यांदा म्हन,” रावजीबाबा म्हणाले. “तिथं म्हनलास तसा. समद्यांना ऐकू दे.”

साळूबाई पुढे येऊन बसली. पोरं गोल करून उभी राहिली. महिपतीने दम घेतला आणि म्हणायला लागला, हुतूतूतूतू, आणि मध्ये थांबायचं कसं ते त्याला सुचेना. छातीतला सगळा वारा संपून डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तो म्हणत राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सखा वळला आणि म्हशी बांधायला गेला.